कीटकभक्षी झाडं बियांपासून: नाशिकच्या गॅलरीतली एक वर्षाची वही

आम्ही इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरी पूर्वेची, साडेदहापर्यंत ऊन. लेकीला पुस्तकातली कीटकभक्षी झाडं घरी हवी होती आणि मला बियांपासून रोपं करायचा नाद आहे, म्हणून हे सुरू झालं. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षवाल्यांचं. झाड म्हटलं की त्याला खायला घालायचं, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. शेणखत, स्लरी, ड्रिपमधून खत, वरून फवारणी. या वहीतल्या बहुतेक चुका त्याच सवयीतून झाल्या आहेत. नाशिककडे दुसऱ्या कुणाला हे करायचं असेल, तर माझा वेळ आणि पैसा कुठे गेला ते कळावं म्हणून तारखांसकट उतरवते आहे.

१८ जून २०२३

ऑनलाइन मागवलेलं पाकीट आलं. ‘व्हीनस फ्लायट्रॅप, ५० बिया’, ३४९ रुपये. फ्लायट्रॅप म्हणजे सापळ्यासारखं पान मिटून किडा धरणारं झाड. बिया काळ्या, चमकदार, खसखशीहून बारीक. मिरचीची रोपं करताना घेते तसंच अर्धं कोकोपीट, अर्धं गांडूळखत घेतलं. बिया भुरभुरल्या, वर पातळ थर दिला, नळाचं पाणी शिंपडलं.

२ जुलै

उगवलं. तीसेक रोपं. लेकीने वर्गात सांगूनही टाकलं.

१६ जुलै

आई (माझ्या सासूबाई) गॅलरीत कपडे वाळत घालायला आल्या, कुंडीशी थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही तर घोळ आहे. देठ बघ ना कसा तांबूस.” पान चुरडून दाखवलं. जाड, पाणीदार, चवीला आंबट. घोळच होती. चार आठवडे मी तिला गांडूळखतावर पोसण्यात घालवले होते. विकणाऱ्याला तीनदा लिहिलं, उत्तर आलं नाही.

पुढच्यांसाठी ओळख लिहून ठेवते. फ्लायट्रॅपचं बी काळं कुळकुळीत, गुळगुळीत आणि पाण्याच्या थेंबासारखं असतं, एका टोकाला निमुळतं. आकार जेमतेम एक-दीड मिलिमीटर. घोळीचं बी त्याहून लहान, वाकडं आणि भिंगाखाली खरबरीत दिसतं. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच काळी, म्हणून भिंग आधी घ्या, बिया नंतर. मी सराफ बाजारातून सोनाराचं भिंग आणलं, १२० रुपये. या सगळ्या खर्चात सगळ्यात कामाची वस्तू तीच निघाली.

२७ ऑगस्ट

पुण्यातले एक गृहस्थ ही झाडं घरी वाढवतात आणि स्वतःच्या झाडांच्या बिया देतात, असं कळलं. फोन केला. त्यांनी किंमत सांगायच्या आधी विचारलं, “पाणी कुठलं घालणार?” नळाचं म्हटल्यावर म्हणाले, “मग बिया आत्ता नका घेऊ. आधी पाण्याची सोय करा, मग फोन करा.” तेव्हा जरा राग आला होता. आज त्यांचे आभार मानते. बाहेरच्या देशातून बिया मागवायचा विचारही मनात होता, पण त्याला आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा दाखला) लागतं. तो नाद सोडला.

१७ सप्टेंबर

गणपतीच्या आधीचा रविवार. अंजनेरीला गेलो. अंजनीमातेच्या देवळाकडे जाताना सड्यावर सीतेच्या आसवांचे जांभळे पट्टे पसरलेले. हीसुद्धा कीटकभक्षी. फूल दिसतं ते वर, शिकारीच्या पिशव्या खाली ओल्या मातीत, टाचणीच्या टोकाएवढ्या. लेक पोटावर झोपून बघत होती. मी बघत होते ती जमीन. कातळावर बोटाच्या पेराएवढीसुद्धा माती नाही, आणि त्यावरून सतत पावसाचं पाणी झिरपत चाललेलं. जे काही खत तयार होईल ते पाणी धुऊन नेतं. झाडाला मुळातून मिळायला काहीच नाही, म्हणून ते किडे धरतं. माझ्या कुंडीत मी याच्या बरोबर उलट केलं होतं.

रोप किंवा बी तिथून काही आणलं नाही. ते राखीव क्षेत्र आहे, आणि तिथली झाडं तिथेच जगतात.

२४ सप्टेंबर

टीडीएस मीटर आणला, २६० रुपये. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते पीपीएममध्ये दाखवतो. या झाडांना ५० च्या आतलं पाणी लागतं. घरातलं सगळं पाणी मोजलं. नळाचं १४६. सोसायटीच्या बोअरचं ६१०. स्वयंपाकघरातल्या आरओचं ७८, कारण पाण्याला चव यावी म्हणून त्यात थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं १४. गच्चीवर पातेल्यात धरलेलं पावसाचं ९.

आरओवर मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवला होता आणि तोच चालला नाही. पावसाचं पाणी दोन दिवसांत वीस-वीस लिटरच्या दोन जारमध्ये साठवलं. पत्र्यावरून नाही, थेट आभाळाखाली भांडी मांडून, तलम कापडाने गाळून. वेळप्रसंगी लागेल म्हणून बॅटरीत घालतात ते क्षार काढलेलं पाणीही आणून ठेवलं, दहा लिटर, २४० रुपये.

१ ऑक्टोबर

आता मातीची बाजू. कोकोपीटचा ५ किलोचा ठोकळा आधीच १८० रुपयांना घेऊन बसले होते, तो वाया जाऊ नये असं वाटत होतं. एक मूठ पावसाच्या पाण्यात भिजवली, रात्रभर ठेवली. सकाळी मीटर १,१४० दाखवतो. धुतली, पिळली, पुन्हा भिजवली. सात वेळा केल्यावर ९० वर आली आणि एका मुठीला आठ लिटर पावसाचं पाणी गेलं. हा हिशेब परवडणारा नाही. तो ठोकळा गुलाबांना दिला.

मग पीट मॉस, म्हणजे दलदलीत साठलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ. भाज्यांची रोपं प्रो-ट्रेमध्ये करणाऱ्या नर्सऱ्यांमुळे आपल्याकडे पीट मिळतं, पण रोपांना सुरुवातीला जोर यावा म्हणून त्यात बहुधा खत मिसळलेलं असतं, आणि पिशवीवर ते बारीक अक्षरात असतं. पहिली पिशवी भिजवून मोजली तर ४२०. दुकानदाराने बदलून दिली, बिचारा चांगला माणूस. दुसरी, साधी, ३८. २० लिटर, ६५० रुपये. परलाईट, म्हणजे फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे, १५० रुपयांचं. ते कोरडं ओतू नका, पांढरी धूळ घशात जाते. पिशवीतच पाणी मारून मग काढायचं.

मिश्रण पीट दोन भाग, परलाईट एक भाग. पीट सुरुवातीला पाणी घेतच नाही, वर थेंब तसेच गोल फिरतात. कोमट पाणी घालून पुरणासारखं मळलं तेव्हा भिजलं.

पुण्याला फोन केला, मीटरचे आकडे सांगितले. “आता पाठवतो,” म्हणाले.

१५ ऑक्टोबर

घटस्थापना. आईंनी देवघरात घट बसवला, मी गॅलरीच्या खोलीत माझं पेरलं. बिया ८०० रुपयांच्या. केप सनड्यू, पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारा, दक्षिण आफ्रिकेतला, बी मोजता न येण्याइतकं बारीक. ड्रोसेरा बर्मानी, हाही सनड्यूच, आपल्या देशातही उगवणारा, ४० बिया. फ्लायट्रॅप २०. सारासेनिया, म्हणजे अमेरिकेतली तुतारीसारख्या पानांची घटपर्णी, २०.

पेरायची रीत अशी जमली. पांढरा कागद मधोमध दुमडायचा, बिया घडीत घ्यायच्या आणि कागदाच्या कडेला बोटाने टिचक्या मारत एक-एक खाली सोडायची. वर काही टाकायचं नाही. या बियांना उगवायला उजेड लागतो, मातीखाली गेल्या की संपल्या. कुंडी खालच्या ताटातून पाणी पिते, वरून ओतायचं नाही. कुंड्यांवर मिठाईचे पारदर्शक डबे उपडे घातले. वर २० वॅटची एलईडी बॅटन, वीत-दीड वीत उंचीवर, टायमरने रोज चौदा तास. महिन्याला साडेआठ युनिटच्या आत बसतं. नावं शिसपेन्सिलीने लिहिली, पेनाची शाई ओलीने पुसते.

सारासेनियाच्या १० बिया ओलसर पीटमध्ये कालवून झिपच्या पिशवीत भरल्या आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. त्यांना सहा आठवडे थंडीचा भास झाल्याशिवाय त्या उगवत नाहीत. उरलेल्या १० कोरड्या, कागदात.

१९ ऑक्टोबर

घटातले गहू बोटभर वर आले. माझी ताटं काळी, सपाट. येणारा-जाणारा दोन्हीकडे बघतो.

२१ ऑक्टोबर

मोठं नुकसान. मी बाहेर गेले होते. आईंनी घटाला पाणी घातलं आणि तांब्यात उरलेलं माझ्या कुंड्यांना, डबे उचलून, वरून. बिया तहानल्या म्हणून उगवत नाहीत असं त्यांना वाटलं. नळाचं पाणी. केप सनड्यूच्या बिया पोहत जाऊन एका कोपऱ्यात गोळा झाल्या, फ्लायट्रॅपच्या तीन परलाईटच्या फटीत गेल्या. ताटातलं पाणी ११८.

त्यांना समजल्यावर त्या रडवेल्या झाल्या. मी त्यांना आधी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. नऊ दिवस देवासमोर बी पेरून पाणी घालणाऱ्या बाईला ‘या बियांना पाणी घालू नका’ हे आपोआप कसं कळणार? पावसाचं सहा लिटर पाणी थेंबाथेंबाने वरून सोडून कुंड्या धुतल्या, ताट २४ वर आलं. वाहून गेलेल्या बिया तशाच राहू दिल्या, हलवायला गेलं तर आणखी खोल जातात.

संध्याकाळी जारवर आईंनीच पट्टी चिकटवली, ‘फक्त हे’.

२ नोव्हेंबर

अठराव्या दिवशी बर्मानी. डोळ्यांना दिसला तो नुसता हिरवा कण, मला शेवाळ वाटलं. भिंग लावलं. दोन इवली पानं, त्यांच्या मधून तिसरं निघालेलं. ते गोल, मोहरीच्या निम्मं, आणि त्याच्या काठावर सहा-सात तांबडे केस. प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. जन्मल्यापासून चिकट. शिकवायला कोणी नाही, खायला काही नाही, आणि जाळं आधीच लावून ठेवलेलं. लेक, आई, मी, तिघी आळीपाळीने भिंगातून बघत बसलो. दूध उतू गेलं.

१२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. बर्मानी २७. केप सनड्यू कोपऱ्यात गर्दीने, बाकी कुंडीत विरळ. फ्लायट्रॅप २८ दिवसांनी तीन. फ्लायट्रॅपचं पहिलं खरं पान निघतं तेच सापळा होऊन, दोन मिलिमीटरचा, काठाला दात. दिवाळीच्या गडबडीत पाच दिवस डबे उघडले नाहीत. ते पुढे नडलं.

२० नोव्हेंबर

बुरशी. डब्याच्या आतून पाणी ओघळतंय आणि फ्लायट्रॅपच्या कुंडीत राखाडी कापूस पसरलेला. दोन रोपं बुडाशी काळी पडून आडवी. सनड्यूच्या दाट कोपऱ्यातही एक रुपयाएवढा डाग.

दादाला फोन केला. डाऊनी, भुरी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांत त्याचं आयुष्य गेलंय. तो म्हणाला, “बोर्डो मार की, पातळ करून.” मी हातात पुडीही घेतली होती, तेवढ्यात डोक्यात आलं की बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. चुन्याने माती अल्कधर्मी होणार, आणि ही झाडं आम्ल पीटमध्ये जगणारी. वर तांबं या नाजूक पानांना सोसत नाही. दादाला हे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग हवा खेळती ठेव. बागेतही निम्मी बुरशी हवेनेच जाते.”

तेच केलं. डाग चमच्याने पीटसकट खरवडून काढले, डबे काढून टाकले, पलीकडे छोटा पंखा मंद लावला, ताटातलं पाणी बोटाच्या एका पेरावर आणलं. चार दिवसांत थांबली. डबा उगवेपर्यंतच ठेवायचा, पहिली रोपं दिसली की रोज थोडा-थोडा उघडत न्यायचा. मी तो अठरा दिवस जास्त ठेवला.

२६ नोव्हेंबर

आभाळ भरून आलं तसं मी गच्चीवर तीन पातेली आणि परात मांडली. जारमधलं पाणी संपत आलं होतं, अवकाळी पाऊस मला हवाच होता. पाणी गाळत असताना वहिनीचा फोन आला. गावाकडे गारा. दादाची दोन एकर बाग, छाटणीला पन्नास दिवस झालेले, मणी नुकते ज्वारीएवढे झालेले. वहिनीला बोलता येत नव्हतं.

पातेली तशीच राहिली. ती भरून वाहत होती. आत आणायचं मन झालं नाही. आईंनी रात्री उचलून आणली, गाळून जारमध्ये भरली आणि मला काही बोलल्या नाहीत.

३० नोव्हेंबर

निफाडला जाऊन आलो. वेलींखाली पानांचा आणि घडांचा चिखल. दादा दोन दिवस बागेत गेलाच नव्हता. निघताना त्याने कपाटातून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, १ ग्रॅमची. मणी लांबट आणि मोठे व्हावेत म्हणून घड याच्या पाण्यात बुडवतात. “तू म्हणत होतीस ना, तुझ्या त्या बियांना चालतं म्हणून. ने. मला आता डीप करायला घड राहिले नाहीत.”

मी नको म्हणू शकले नाही.

२ डिसेंबर

सारासेनियाच्या दोन्ही गटांची पेरणी. फ्रिजमधल्या १० बियांना जवळजवळ सात आठवडे झाले. कोरड्या १० बियांना जीए, कारण ते थंडीची अट मोडतं, बियाला हिवाळा सरल्याचा निरोप देतं. दादाने सांगितल्याप्रमाणे पुडी आधी दोन चमचे स्पिरिटमध्ये विरघळवली, थेट पाण्यात गुठळ्या होतात. मग एक लिटर बॅटरीच्या पाण्यात. म्हणजे साधारण १,००० पीपीएम. बिया त्यात २४ तास. सारासेनियाच्या बियांवर मेणासारखा थर असतो, त्या तरंगत राहतात, म्हणून भांडं मधून-मधून हलवत राहिले.

रात्री थंडी वाढली आहे, म्हणून या दोन्ही कुंड्या फ्रिजच्या डोक्यावर, जिथे ऊब राहते. उजेडाला दुसरा दिवा न घेता जुना टेबललॅम्प.

१८ डिसेंबर

जीएवाल्या सहा उगवल्या, सोळा दिवसांत. फ्रिजवाल्या एकही नाही. दादाला फोटो पाठवला.

२१ डिसेंबर

ओल्या पीटवर बारीक काळी चिलटं. त्यांच्या अळ्या रोपांची मुळं खातात. गंमत अशी की मोठं सनड्यू असतं तर त्यानेच ती खाऊन टाकली असती, पण माझी रोपं त्या चिलटांहून लहान आहेत. दादाकडचे पिवळे चिकट सापळे कापून काडीला लावले, तीन दिवसांत साठेक चिकटली. कुंड्यांवर धुतलेल्या परलाईटचा विरळ थर दिला, म्हणजे अंडी घालायला ओली माती उघडी राहत नाही. तोवर केप सनड्यूची पंधरा-वीस रोपं गेली होती.

३० डिसेंबर

फ्रिजवाल्या सात उगवल्या, चौथ्या आठवड्यात. आणि जीएवाल्या सहा आता दोऱ्यासारख्या लांब होऊन आडव्या पडताहेत. काडीचा टेकू दिला. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो. एक बुटकी, ताठ, बुडाशी लालसर. दुसरी फिकट आणि उंच.

(२० जानेवारीला लिहिलेली पुरवणी: जीएवाल्यांतल्या दोनच राहिल्या. थंडीवाल्या सातही आहेत. १,००० पीपीएम जास्त झालं असणार, पुन्हा केलं तर निम्मं घेईन. पण ज्याच्याकडे फ्रिज आणि सहा आठवडे आहेत त्याने जीएच्या वाटेला जाऊच नये.)

१४ जानेवारी २०२४

रोपं वाढेनात. बर्मानी नखाएवढा, केप सनड्यू त्याहून लहान. सकाळी गॅलरीत ९ अंश. तीन महिने झाले, मला राहवेना. केप सनड्यूच्या एका कुंडीला एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे खत दिलं, चिमटीची चिमटी, लिटरभर पाण्यात. इतकं पातळ की द्राक्षाच्या वेलीला कळलंही नसतं.

२६ जानेवारी

त्या कुंडीवर हिरव्या शेवाळाची साय धरली. पानांवरचं दव गेलं, मग कडा काळ्या, मग रोपं. चाळीसेक होती, तीन उरली. धुऊन काढलं, उपयोग झाला नाही. त्या मुळांना खत ओढून घ्यायची सवयच नाही. त्यांना ते जाळतं.

बाकीच्या कुंड्या तशाच्या तशा, हळू, पण जिवंत. ही नोंद ज्याला वाचायची त्याने दोनदा वाचावी.

४ फेब्रुवारी

खायला द्यायचं तर पानाला, हे पुण्याहून पुन्हा बजावून सांगितलं. ॲक्वेरियमच्या दुकानातून माशांना घालायचे सुके ब्लडवर्म (बारीक तांबड्या अळ्या), बोटांनी भुकटी करून, दात कोरायच्या काडीचं टोक ओलं करून त्यावर एक कण. केप सनड्यूच्या पानावर टेकवला. पहिली पाच मिनिटं काही नाही. अर्ध्या तासाने काठावरचे केस आत वाकायला लागले, एकेक, घाई न करता. रात्रीपर्यंत पानच दुमडून कणाला गुंडाळलं होतं, मूठ मिटावी तसं. बर्मानी याहून कितीतरी चपळ, त्याचे बाहेरचे लांब केस काही सेकंदांत आत येतात. लेकीने मोबाईलवर टिपलं.

कण मोठा झाला तर पान सडतं आणि बुरशी येते. एक रोप असं घालवलं. दर दोन आठवड्यांनी, प्रत्येकी एका पानाला, बस. महिनाभरात ज्या रोपांना खायला दिलं ती न दिलेल्यांच्या दुप्पट दिसायला लागली.

१० मार्च

वेगळी रोपं केली. काडीने खालून पीटचा गोळाच उचलायचा, मुळं मोकळी करायची नाहीत. केप सनड्यू ३०, बर्मानी १९, फ्लायट्रॅप ४ (एकूण नऊ उगवले होते), सारासेनिया ९. बर्मानीला मधोमध दांडा येतोय, पांढऱ्या कळ्या. तो मुळात एका वर्षाचा जीव, त्याला घाई असते.

खर्चाचा हिशेब आज केला. नकली बिया ३४९, कोकोपीट १८०, मीटर २६०, पीट ६५०, परलाईट १५०, भिंग १२०, बिया ८००, बॅटन २८०, टायमर ३५०, बॅटरीचं पाणी २४०. एकूण ३,३७९. त्यातले पहिले दोन, ५२९, सरळ पाण्यात. वेळेचं बघितलं तर जून ते ऑक्टोबर चार महिने वाया.

२१ एप्रिल

उन्हाने नवी अडचण आणली. गॅलरीतल्या काळ्या ताटातलं पाणी दुपारी हाताला गरम लागतं. माठात पाणी थंड राहतं, मग कुंड्या मातीच्या पसरट कुंडीत ठेवल्या, ताटाऐवजी. खरंच गार राहिलं. आठवड्याने सारासेनियाची पानं टोकाशी तपकिरी. मीटर लावला, १९२. माती झिरपते, आणि झिरपताना तिच्यातले क्षार पाण्यात उतरतात. वर उन्हाने पाणी उडतं, क्षार मागे राहून दाट होत जातात. पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटांवर परत आले, कुंड्या आतल्या खोलीत बॅटनखाली, सकाळचंच ऊन. आता महिन्यातून एकदा सगळ्या कुंड्या वरून चांगल्या पाण्याने धुते आणि ताट रिकामं करते.

फ्लायट्रॅप एक गेला. तीन राहिले, मोठा सापळा चार मिलिमीटरचा. पूर्ण वाढायला चार-पाच वर्षं लागतात. पुढच्या थंडीत त्यांना गॅलरीतच ठेवायचं ठरवलंय, त्यांना हिवाळ्याची झोप लागते आणि नाशिकची थंडी त्याला पुरते. या बाबतीत मुंबई-कोकणवाल्यांपेक्षा आपण नशीबवान आहोत.

१९ मे

पाणी संपलं. पावसाचं शेवटचं लिटर मेच्या पहिल्या आठवड्यात गेलं. आता एसीचं. नळीखाली रात्रभरात चार लिटर मिळतं, १६ पीपीएम. पहिल्या दिवशीचं टाकून दिलं, आतली धूळ निघून जावी म्हणून. यंदा ऐंशी लिटर साठवणार. आईंनी भावाकडून दोन जार आणून ठेवलेत.

बर्मानीच्या शेंगा वाळल्या. कागदावर हलवल्या की काळी धूळ पडते, तेच बी. अर्धं कागदाच्या घडीत घालून फ्रिजमध्ये.

९ जून

पहिला दणदणीत पाऊस. गच्चीवर पातेली मांडायला आई माझ्याआधी. पहिली अर्धी बादली त्यांनी ओतून दिली, “हवेतली धूळ असते त्यात,” म्हणाल्या. दुसरी मोजली, ८.

दादा आला होता. बागेची एप्रिल छाटणी झालीये, नव्या काड्या चांगल्या आहेत. सारासेनिया बराच वेळ बघत होता. जीएवाल्या दोन्ही आता सरळ झाल्यात, बोटाएवढ्या, तोंडाशी लाल रेघा. “यांना काय देतेस?” त्याने विचारलं. काही नाही म्हटलं. त्याने मातीला बोट लावून बघितलं, वास घेतला आणि परत काही विचारलं नाही. जाताना त्याच्या मुलीसाठी केप सनड्यूची दोन रोपं आणि पाच लिटर पावसाचं पाणी दिलं.

७ जुलै

फ्लायट्रॅप ३, सारासेनिया ९, केप सनड्यू २८, मोठे तळहाताएवढे. जुने बर्मानी सगळे वाळून गेले, अपेक्षेप्रमाणे.

सारासेनियाच्या कुंडीत आज सकाळी भिंगाने बघितलं तर सात हिरवे कण. गोल पान, तांबडे केस, टोकाला थेंब. बर्मानी. मी तिथे काही पेरलं नव्हतं.